दुधाचा डाग

शेवटची घडी घालत होते आणि साडीच्या पदरावर टपकन थेंब पडला. मी आधी वर बघितलं, पत्रा गळतोय का म्हणून. पत्रा कोरडा. मग खाली बघितलं तर माझं ब्लाउजच ओलं. घरी पिंकीची प्यायची वेळ झाली की इथे बसल्या जागी मला पान्हा फुटायचा. छातीला काय माहीत आपण कामावर आहोत ते.

साडी नेमकी सायीच्या रंगाची. गडद निळी असती तर कोणाला कळलंही नसतं. मी ती पटकन घडी करून गठ्ठ्यात खाली सरकवली, वर दुसरी ठेवली आणि हात चालू ठेवले. कोणी बघितलं नाही. मी बघितलं ना पण. तिथूनच सगळं सुरू झालं.

आमचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुरतेत बमरोलीला आमची खोली, तिथून चालत वीस मिनिटांवर हे फोल्डिंगचं खातं. मिलमधून साड्या रंगून, छापून येतात. आम्ही बायका त्या टेबलावर पसरतो. टेबलाला काच, काचेखाली ट्यूबलाइट. उजेड खालून येतो, म्हणून कापडात कुठे धागा तुटला, कुठे रंग सांडला, ते लगेच दिसतं. याला चेकिंग म्हणतात. चांगली साडी ती फ्रेश. डाग असेल ती डॅमेज, ती वेगळ्या ढिगात जाते. मग फ्रेशची घडी घालायची, आणि घडीवर इस्त्रीवाला गरम इस्त्री मारतो, मग पिशवी. मी सातवी शिकलेली, लूमवर बायकांना घेत नाहीत, आमचे हे लूमवर बारा तास असतात. म्हणून मी घडीला. पिंकी तीन महिन्यांची झाली तशी मी परत कामावर आले. दिवसा सासूबाई तिला बाटलीनं वरचं दूध पाजायच्या.

दोन दिवसांनी मास्तर ती साडी हातात घेऊन आले. मास्तर म्हणजे खात्याचा मुख्य माणूस, सुरती, पन्नाशीचे, आवाज असा की पंखे थांबावेत.

"आ डाग कोनो छे?"

आम्ही अकरा बायका. अकराही जणी खाली बघायला लागलो. डाग पिवळा पडला होता, इस्त्री मारल्यावर पक्का झालेला. मला वाटलं माझ्याच तोंडावर पडलाय.

"कोई बोलेगा नहीं? ठीक छे. अब की बार जिस के टेबल का माल होगा, वो बेन घर बैठेगी."

ते गेले. मी पदरानं डोळे पुसले. शेजारच्या टेबलावर कमलाबाई होत्या. शिरपूरकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, चाळिशीच्या, तीन पोरांच्या आई, खात्यात सगळ्यांत जुन्या. त्यांनी सगळं ओळखलं होतं. चहाच्या सुट्टीत मला माल ठेवायच्या खोलीत ओढलं.

"तू काब्र रडी राहनी वं? बाई शेस ना? दूध येणारच."

"कमलाबाई, काम गेलं तर?"

"जात नही. आठे ये."

त्यांनी कोपऱ्यातून फेंटची पट्टी काढली. फेंट म्हणजे कापडाच्या ताग्याच्या शेवटी उरतो तो तुकडा, विकायच्या कामाचा नाही. चांगली हातभर रुंद पट्टी. ती माझ्या छातीभोवती तीनदा गुंडाळली आणि पाठीमागे अशी आवळली, अशी आवळली की मला खोकता येईना.

"मी तीन पोरं अशीच वाढवी," म्हणाल्या. "एक थेंब बाहेर येणार नही."

मी म्हटलं, मोरीत जाऊन पिळून टाकलं तर नाही का चालणार? छाती दगडासारखी व्हायची हो, दुपारपर्यंत. तर त्यांनी कानाला हात लावला. आणि हे मला घरीही सांगितलं होतं, सासूबाई निघताना रोज सांगायच्या, "दूध पायदये पडू देऊ नको. मुंग्या लागन्या का आटी जाई." आईचं दूध पायाखाली आलं, मुंग्यांनी खाल्लं, तर लेकराचं दूध आटतं. आमच्याकडे सगळ्या बायका मानतात. आणि खात्याची मोरी म्हणजे अकरा बायका आणि तीस माणसं जातात-येतात ती. तिथे कसं टाकणार? मी विचारच सोडला.

पट्टी बांधून दुपार निघाली. डाग नाही. दुसरा दिवस निघाला. डाग नाही. मला वाटलं सुटले.

चौथ्या दिवशी आंघोळ करताना डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, हाताला काहीतरी लागलं. लिंबाएवढं. टणक. दाबलं की दुखायचं.

मी तिथेच बसले. अंगावर पाणी तसंच. मला माझी मावशी आठवली. मी नऊ वर्षांची होते तेव्हा आई मला घेऊन तिच्याकडे गेली होती, मावशी खाटेवर होती, छातीवर ओढणी, आणि खोलीत येणारा तो वास. आई बाहेर येऊन म्हणाली, छातीत गाठ झाली, सांगितलं नाही कोणाला. महिन्यात मावशी गेली. तिची पोरं माझ्याएवढी होती. मी ओल्या अंगानं मोजायला लागले, मी गेले तर पिंकी किती महिन्यांची असेल.

आणि बघा, मावशीनं सांगितलं नाही म्हणून ती गेली हे मला माहीत होतं, तरी मीही कोणाला सांगितलं नाही. भीतीनं माणूस असंच करतं. नवऱ्याला काय सांगू, छातीत गाठ? लाज वाटत होती. त्यांनी गावाकडे पाठवलं असतं. कामही गेलं असतं.

सासूबाईंना एवढंच म्हटलं की डावीकडे दुखतंय. त्यांनी हात लावून बघितला, म्हणाल्या गरम झालंय, नजर लागली. मीठ-मिरची ओवाळली, चुलीत टाकली, मिरचीचा ठसका आला नाही म्हणून मान हलवली. ठसका आला नाही म्हणजे नजर पक्की. मग म्हणाल्या, बाधलेलं दूध लेकराला देऊ नको, त्या अंगाला घेऊ नको. मी ऐकलं. डावीकडे पाजणं बंद केलं. दिवसा पट्टी, रात्री बंद. म्हणजे डावीकडचं दूध कुठेच जात नव्हतं. आज सांगताना मला कळतंय. तेव्हा मला वाटत होतं मी किती जपतेय.

गाठ हाताला लागली त्याच्या सहाव्या दिवशी थंडी वाजली. खात्यात, दुपारी, जेव्हा सगळ्या बायका पदरानं घाम पुसत होत्या, तेव्हा माझे दात वाजायला लागले. मी साडीवर हात फिरवत होते आणि साडी दिसत नव्हती. डोळ्यापुढे नुसता ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. एक डॅमेज साडी माझ्या हातून फ्रेशमध्ये गेली. कमलाबाईंनी ती उचलली, माझ्याकडे बघितलं, मनगट धरलं आणि सोडलं, चटका बसल्यासारखं.

"अगं, तू तर पेटेल शेस!"

"काही नाही, ऊन लागलं असेल."

"खात्यात ऊन कुठून आलं? चल आत."

माल ठेवायच्या खोलीत त्यांनी पट्टी सोडली. डावा भाग लाल, तांब्याच्या भांड्यासारखा चकचकीत, आणि मधे ते टणक होतं ते आता मऊ पडलं होतं, आत काहीतरी हलत होतं. कमलाबाईंचं तोंड उतरलं. पट्टी हातात धरून उभ्या राहिल्या.

मग मी तोंड उघडलं. "कमलाबाई, माझी मावशी अशीच गेली. माझी पिंकी..."

त्यांनी मला उचलल्यासारखं धरलं आणि थेट मास्तरांच्या टेबलापाशी नेलं. "साहेब, इसको बुखार है. दवाखाने ले जाती हूँ. माझं टेबल बंद."

मास्तर म्हणाले, "दोनो टेबल बंद? आज माल निकालना है!"

"माल निकलेगा. बाई गई तो वापस नहीं आएगी."

मास्तरांनी हातानंच जा म्हटलं. आम्ही निघालो. रस्त्यात घर लागतं, तिथून सासूबाईंना आणि पिंकीला घेतलं. रिक्षात सासूबाई मीठ-मिरचीचं पुन्हा सांगायला लागल्या, कमलाबाई म्हणाल्या, "आता मिरच्या पुरं झाल्या, आजी."

दवाखाना मोठ्या रस्त्यावर, लेडी डॉक्टर, गुजराती, केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी सासूबाईंना बाहेर बसवलं. मला विचारलं कुठे राहते, काय काम करते, बाळ किती महिन्यांचं. हे सगळं हिंदीत. मग तपासायला लागल्या. बोटांनी चिमटा काढत नव्हत्या, हाताची बोटं सपाट ठेवून गोल गोल फिरवत होत्या, आधी चांगल्या बाजूला, मग काखेत, मग दुखऱ्या बाजूला. मला वाटलं, अरे, हे तर आमचं चेकिंग. कापडही असंच बघतात, सपाट हातानं. चिमटीत धरलं तर जिथे काही नाही तिथेही जाड लागतं.

मी विचारलं, "बाई, कॅन्सर आहे का?"

शब्द बाहेर आला आणि मला रडू फुटलं. सहा दिवस तो तोंडात धरून ठेवला होता.

त्या म्हणाल्या, "अभी बताती हूँ." त्यांनी जागा बधिर केली, मोठी सुई घेतली, त्या मऊ जागेत घातली आणि ओढली. सुईत पिवळा-हिरवा घट्ट पू आला. त्यांनी तो माझ्या डोळ्यासमोर धरला. "देख बेटा. ये क्या है?"

"पू."

"पू. दूध अटका, सूजन हुई, जंतू लगे, पू हुआ. ये वो बीमारी नहीं है."

मी हसले. खरं सांगते, हसलेच. त्या म्हणाल्या, पू बघून एवढी खूश झालेली पेशंट मी पहिल्यांदा बघतेय.

पण हसण्यासारखं फार नव्हतं. पू बराच होता, नुसत्या सुईनं निघेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चिरा द्यावा लागला, आत औषधाची बत्ती, म्हणजे कापडाची पट्टीच, भरून ठेवली. मला तीही पट्टी बघून कसंतरी झालं. रोज ती बदलायची. पहिल्या दिवशी बदलताना मी नर्सचा हात असा धरला की तिच्या बांगड्या वळल्या.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं, सासूबाईंना, कमलाबाईंना. म्हणाल्या, बायकांच्या छातीत गाठी कितीतरी कारणानं होतात. दूध पाजणाऱ्या बाईची गाठ बहुतेक तुंबलेल्या दुधाची असते, ती शेकून आणि बाळाला पाजून सुटते. तुंबलेलं राहिलं तर ताप येतो, आणि तरीही थांबलं तर पू. कोवळ्या मुलींना बोटाखाली सरकणारी गाठ होते, ती बहुतेक वेळा साधी निघते. काहींची छाती पाळीच्या आधी जड होते, खडबडीत लागते, पाळी गेली की उतरते. यातली कुठली वाईट आणि कुठली साधी, हे घरी बसून ठरवायचं नाही. जी गाठ दुखत नाही आणि जातही नाही, तिच्याकडे आधी या. दुखणारीला तुम्ही येताच, असं म्हणाल्या.

मग पाजण्याचं, तेही हिंदीतच, मी आपल्या भाषेत सांगते. "डाव्या बाजूचं दूध बंद का केलं?"

सासूबाई म्हणाल्या, "बाधलेलं दूध, बाई."

"दूध बाधत नाही, आजी. थांबलं म्हणून बिघडलं. बाळ चांगल्या बाजूला पिऊ दे, आणि दुखऱ्या बाजूचं पिळून काढत राहा, नाहीतर पुन्हा भरेल. चिरा भरत आला की तीही बाजू बाळाला द्या."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "पिळीसन टाकवं कठे? पायदये पडस."

मला वाटलं आता डॉक्टरबाई ओरडतील, अडाणी म्हणतील. त्या चष्मा पुसत राहिल्या. मग विचारलं, तुळस आहे का? सासूबाई म्हणाल्या, डालड्याच्या डब्यात आहे, दारात. "मग तिच्या मुळाशी टाका. तिथे कोणी पाय देत नाही ना?"

सासूबाई एवढ्या खूश झाल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, बाई शिकलेली आहे पण शहाणी आहे. घरी सोडताना कमलाबाईंनी माझा हात धरला.

"माले माफ कर. पट्टी मी बांधी."

मी म्हटलं, "तुम्हीच सोडलीत ना पण."

त्या म्हणाल्या, "माझ्या मधल्या पोराच्या वेळी माझंही असंच झालं होतं. आपोआप फुटलं. मी समजले असंच व्हतं सगळ्यांचं." आणि ब्लाउजच्या काठाशी बोट नेऊन तो वण दाखवला. एवढी वर्षं त्यांनी तो कोणाला दाखवला नव्हता.

बारा दिवसांनी मी कामावर गेले. सगळ्या बायका विचारायला आल्या, कोणी मोठ्यानं, कोणी मोरीशी गाठून हळूच. मला जे कळलं होतं ते मी सांगितलं. सपाट हात कसा फिरवायचा ते कापडावरच दाखवलं, ते आमच्या बायकांना एका मिनिटात कळलं. दोघी जणी त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंकडे गेल्या. एकीचं पाळीचं निघालं. दुसरीला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, तिची गाठ काढली, ती साधी निघाली.

पण माझा प्रश्न तिथेच होता. दूध तर येणारच. चिरा भरत होता, डाव्या बाजूलाही पिंकी प्यायला लागली होती, दुपारी दोन्ही बाजू भरायच्या. पट्टी बांधायची नाही. मग?

मी ठरवलं, मास्तरांना सांगायचं. कमलाबाई म्हणाल्या, मी येते. मी म्हटलं, नको, माझा डाग, मीच सांगते. गेले आणि एका दमात बोलून टाकलं, ती सायीच्या रंगाची साडी माझी होती, डाग दुधाचा होता, भीतीनं सांगितलं नाही, मग पट्टी बांधली, मग हे सगळं झालं. आता मला चहाच्या दोन्ही सुट्ट्यांत पडद्याआड दहा मिनिटं बसायला जागा द्या, नाहीतर घरी बसवा.

मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं,

"दूध नो डाग हतो?"

"हो."

"अरे बेन, दूध नो डाग तो ठंडा पाणीथी जतो रहे. इस्त्री लागे पछी न जाय."

मला कळेना, म्हणून त्यांनी हिंदीत सांगितलं. दुधाचा डाग गार पाण्यानं जातो, ताजा असताना, साबणाचा एक हात मारला की झालं. गरम इस्त्री लागली की मग पक्का होतो. तीस वर्षं कापडात काढलेला माणूस. चहाचा कशानं जातो, तेलाचा कशानं, रक्ताचा कशानं, सगळं त्यांच्या बोटावर. "मुझे बोला होता, तो मैं खुद धो के देता," म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्ही ओरडलात ना पण."

ते म्हणाले, "मैं तो रोज चिल्लाता हूँ."

मला त्या दिवशी त्यांचा राग आला, माझाही आला. माझ्या छातीवर दोन बोटं लांब वण आहे. पाणी खात्याच्या नळाला होतं. माझ्या टेबलापासून नळ दहा पावलांवर.

माल ठेवायच्या खोलीत कोपऱ्यात जागा मिळाली. पडदा फेंटचाच लावला, तीच हातभर रुंद पट्टी, दोन जोडून शिवली. आत एक स्टूल, एक स्टीलची वाटी झाकणाची. संध्याकाळी वाटी घरी नेते, तुळशीला घालते. तुळस चांगली फोफावलीय, सासूबाई सगळ्यांना दाखवतात. आता त्या पडद्याआड आणखी दोघी बसतात. बाहेरून मास्तर ओरडतात, "जल्दी करो बेन, माल पडा है!" आणि आम्ही आतून ओरडतो, "आ रहे हैं!"

आणि नवीन बाई कामाला आली की कमलाबाई तिला पहिल्यांदा चेकिंग शिकवत नाहीत. आधी नळ दाखवतात.